ट्रायल मंगळवारी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचे वडील वर्षातून एकदा, शाळांना मोठी सुट्टी लागली की महिनाभर राहायला येतात. ते येणार हे तिच्या आधी मला कळतं, असं ती चारचौघांत म्हणते. म्हणू दे. तिची पोरं जिन्यातून ओरडत जातात त्याला मी काय करू, कान काही दाराला लावून बसत नाही मी. दार उघडंच असतं.

वडील शिंपी. दुसऱ्या गावात, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल एवढ्याशा दुकानात बसून त्यांनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आता दुकान बंद, बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटेच. पण सवय कुठे जाते? माणूस बोलता बोलता समोरच्याचं माप घेतो. मागच्या वर्षी जिन्यात भेटले, मी हसून म्हटलं, "कसे आहात काका?" तर मला एकदा खालीवर बघून म्हणाले, "मी बरा आहे, तुमची कंबर दोन इंच वाढलीये." त्या दिवसापासून मी त्यांना मापकाका म्हणते, आणि माझ्या घरातला प्रत्येक पडदा, उशीचा प्रत्येक अभ्रा त्यांच्याकडून फुकट दुरुस्त करून घेते. हिशेब फिटला.

नात अकरा वर्षांची, नातू आठचा. मापकाका त्यांना मोठं गिऱ्हाईक आणि धाकटं गिऱ्हाईक म्हणतात. ही दोन्ही गिऱ्हाइकं रोज संध्याकाळी साडेपाचला सायकली काढतात आणि तळ्याच्या रस्त्याला लागतात. मागच्या वर्षी महिनाभर काका रोज त्यांना सोडायला फाटकापर्यंत जात. मुलं निघाली की यांची बडबड सुरू व्हायची, ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू यायची. मग वळण. मग काही नाही. काका तिथेच फाटकाला हात लावून उभे, मुलं परत येईपर्यंत.

"काय बोलता रे एवढं?" ते विचारायचे.

"काही नाही, आजोबा."

"तळ्यावर काय असतं?"

"पाणी असतं."

घरात आली की दोघांची डोकी आपापल्या मोबाइलच्या पडद्यात. आणि वर्षभर फोनवर? तेही मी ऐकलंय, स्पीकर लावून बोलतात ते. "कशी आहेस?" "बरी." "शाळा?" "चालू आहे." "जेवलीस?" "हो, आईला देते." एवढ्या तोकड्या कापडात त्या माणसाने अकरा महिने काढायचे.

तर या वर्षी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी काका माझ्या दारात.

"जुनी सायकल कुठे मिळेल, बाई? हळू बोला. खाली ऐकू जाईल."

"कोणासाठी?"

"एका म्हाताऱ्यासाठी."

मी चहाचं भांडं तसंच ठेवलं आणि चपला घातल्या. असली कामं मी उद्यावर टाकत नाही.

मंडईच्या मागच्या गल्लीत एक सायकलवाला आहे. तोंडाने फटकळ, हाताने चांगला. दुकानात छताला सायकली उलट्या टांगलेल्या, खाली तेलाने काळी झालेली फरशी. काकांनी त्याला ब्रेकबद्दल विचारलं नाही, चेनबद्दल विचारलं नाही. खिशातून टेप काढली, स्वतःच्या पायाचं आतलं माप घेतलं आणि प्रत्येक सायकलीच्या सीटपासून पॅडलपर्यंत टेप लावत सुटले.

"काका, पँट शिवायचीये की सायकल घ्यायचीये?" सायकलवाला म्हणाला.

"दोन्हीत माणूसच बसायचा असतो," काका म्हणाले. "ही हिरवी उतरवा."

हिरवीची सीट फाटलेली होती, घंटी मुकी होती, बाकी अंगाने धडधाकट. मी भाव पाडण्यात हात धुऊन घेतले. सायकलवाला म्हणाला, "एक चक्कर मारून बघा की." काका म्हणाले, "आधी फिनिशिंग." आणि सायकल हातात धरून चालायला लागले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"अहो, बसा तरी," मी वाटेत चिडवलं. "लोक म्हणतील, गाय विकत घेतली की काय."

काका थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "तीस वर्षांत बसलो नाही. चाळीस वर्षं पाय मारले बाई, पायमशीनवर. इंचभर पुढे गेलो नाही. पुढे गेलं ते कापड." मग सीटवरच्या फाटक्या जागेवर बोट फिरवत म्हणाले, "घरी सांगू नका. मुलांपुढे पडलो तर पुन्हा नेणार नाहीत."

मी हे कोणालाही सांगितलं नाही. खरंच नाही सांगितलं. सायकल आणल्याचं तेवढं सांगितलं, ते तर जिन्याखाली दिसतच होतं.

मुलगी ऑफिसातून आली ती तिथूनच ओरडली. "बाबा! गुडघा!"

"गुडघ्याला विचारूनच आणलीये."

"पडलात तर मला हाक मारू नका."

"नाही मारत. वरच्या बाईंना मारेन."

मुलांना मात्र उधाण आलं. धाकट्याने मुकी घंटी पन्नास वेळा दाबली. मोठी म्हणाली, "आजोबा, आज येताय?"

"आज कुठलं? सीट उघडी पडलीये. गिऱ्हाइकाला असा माल देतात का? मंगळवारी ट्रायल."

मंगळवार आला. सीटला नवं कव्हर झालं होतं, जाड कापडाचं, आत अस्तर, कडेने दुहेरी टीप. काका म्हणाले हँडलला पिशवी हवी, पाण्याची बाटली कुठे ठेवणार? पिशवी झाली, तर पिशवीला बटण हवं, बटणाला काज हवं. मग घंटी सायकलवाल्याकडून बोलती करून आणली. मग मागचा ब्रेक कुरकुरायला लागला. रोज साडेपाचला पोरं फाटकात थांबायची, "आजोबा, झालं?" आणि रोज काका तोंडात सुई धरून मान हलवायचे. मग बडबड औषधाच्या दुकानापर्यंत, मग वळण.

मी एकदा म्हटलंच. "काका, तुमच्या दुकानात लोक तुम्हाला शिव्या घालत असतील."

"घालायचे की. 'मंगळवारी या' म्हणालो की हसायचे. पण एक सांगतो बाई, शाळा उघडायच्या दिवशी माझ्याकडचा गणवेश मिळाला नाही म्हणून एक पोर घरी बसलं नाही. आदल्या दिवशी सगळं गिऱ्हाइकाच्या हातात."

म्हणजे त्यांच्या डोक्यात तारीख होती, परत जायची. महिनाअखेरीच्या शनिवारी त्यांच्या गावी डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं, चार महिने थांबून मिळालेली तारीख. शुक्रवारी संध्याकाळची गाडी. त्याआधी आठ-दहा दिवस भरपूर, असा त्यांचा अंदाज. सकाळी सगळे बाहेर पडले की इमारतीच्या मागच्या बोळात ते एक पाय भिंतीला टेकवून सायकलीवर बसतात आणि उतरतात, बसतात आणि उतरतात, हे मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. कच्ची शिलाई चालली होती.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं ते एवढंच, की मुलं त्याच आठ-दहा दिवसांत शाळेच्या शिबिराला जाणार. मुलीला वाटलं, फोनवर सांगितलंय. सांगितलं असेलही, "आईला देते"च्या नंतर कधीतरी, घाईत. आणि मला माहीत होतं हो! पैसे भरल्यापासून माहीत होतं. सगळ्या इमारतीच्या बातम्या माझ्या तोंडून सुटतात आणि ही एक तेवढी पोटात राहिली.

बुधवारी सकाळी बस दाराशी लागली. पाठीवर पोती घेतल्यासारख्या पिशव्या घेऊन दोघं खाली उतरली. काका जिन्याखाली स्टुलावर बसून कॅरिअरला गादी शिवत होते.

"कुठे निघाली गिऱ्हाइकं?"

"शिबिराला! तंबूत राहणार आम्ही!" धाकटा म्हणाला.

"संध्याकाळी येणार ना?"

मोठीने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मी छताकडे.

"पुढच्या शुक्रवारी, आजोबा," मोठी म्हणाली. "दुपारी."

काका "बरं, बरं" म्हणाले. बस गेली. सुईतला दोरा निसटून लोंबत राहिला, तो त्यांना पुन्हा ओवता येईना. मी हात पुढे केला तर म्हणाले, "डोळ्याचंच तर ऑपरेशन आहे, बाई," आणि हसले. मला त्यांचं ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मुलगी रात्रभर हळहळली म्हणे. सकाळी त्यांना म्हणाली, "बाबा, ऑपरेशन पुढे ढकलू या?" ते म्हणाले, "पुढे ढकलायचं काम मी पुष्कळ केलं."

त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला माझी घंटी वाजली. काकांनी विजारीचे पाय घोट्यापाशी सेफ्टीपिनांनी आवळले होते. "चला. मागून धरा."

मी या वयात एका म्हाताऱ्याची सायकल धरून तळ्याच्या रस्त्याला धावले, हे औषधाच्या दुकानदाराने बघितलंय आणि तो मला अजून गुडघ्याचं मलम दाखवतो. पहिल्या दिवशी काका कुंपणात गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या पायावर. तिसऱ्या दिवशी मी सोडलं ते त्यांना कळलंच नाही, एकटेच "सोडू नका, सोडू नका" ओरडत वळणापर्यंत गेले. मग दिसेनासे झाले. मी धापा टाकत पोचले तर तळ्याकाठी सायकल उभी आणि काका बाजूच्या दगडावर. पाण्यात तीन बदकं, पलीकडे एक माणूस कपडे वाळत घालत होता. बाकी खरंच काही नव्हतं.

"इथे बसत असतील का?" त्यांनी विचारलं.

दगडावर खडूने दोन चेहरे काढले होते, एकाला दात नव्हते. काका बराच वेळ त्या चेहऱ्यांकडे बघत होते.

शुक्रवारी दुपारी बस यायची ती येईना. एक वाजला, दोन वाजले. काकांची बॅग दारात, रिक्षा चारला सांगितलेली. काका फाटकात सायकल घेऊन उभे, विजारीला पिना लावून. मुलगी वरून म्हणाली, "बाबा, निदान सावलीत तरी थांबा." ते हलले नाहीत. तीन वाजून दहा मिनिटांनी बस आली. धाकट्याला आईने खाली धावत येऊन झोपेतच खांद्यावर उतरवून घेतलं. मोठीच्या गुडघ्यांवर खरचटलेलं, केसांत माती. तिने सायकलीकडे बघितलं, पिनांकडे बघितलं, आणि पिशवी माझ्या अंगावर टाकून स्वतःची सायकल आणायला धावली.

"अगं, पाणी तरी पी!" आई ओरडली.

"आजोबांच्या पिशवीत बाटली आहे!"

निघाले दोघं. काकांचं हँडल जरा हललं, मग सरळ झालं. आणि कोपऱ्याच्या आधीच बडबड सुरू झाली. तिची, मग त्यांची, मग दोघांची एकदम. औषधाच्या दुकानापर्यंत मला ऐकू येत होतं, शब्द मात्र एक कळेना. मग वळण.

काय बोलले? मला माहीत नाही. मी त्या पोरीला नंतर हरप्रकारे विचारून बघितलं. "काही नाही, मावशी," म्हणते. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा पुरे.

चाराला पाच मिनिटं कमी असताना आले, घामाघूम. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. काकांनी सायकल जिन्याखाली लावली, खिशातून शिंप्याचा निळा खडू काढला आणि सीट ज्या दांड्यावर बसते त्या दांड्यावर एक रेघ मारली. मोठीला म्हणाले, "हे माझं माप. सायकल कोणीही चालवा, पण मी येईन तेव्हा सीट इथे पाहिजे."

"आणि ट्रायल, आजोबा?"

"आज झाली ती ट्रायलच होती. डिलिव्हरी पुढच्या खेपेला."

रिक्षा गेली. ती फाटकाला हात लावून उभी राहिली, औषधाच्या दुकानापर्यंत बघत.

डोळा छान झालाय म्हणे. फोन येतात. तोकडेच, पण पूर्वीपेक्षा बोटभर लांब. धाकट्याला हिरवी सायकल चालवायचा सोस आहे, सीट खाली करायला बघतो, तर बहीण त्याच्या हातावर फटका मारते. "माप आहे ते! हात नको लावूस." दर रविवारी ती सायकल पुसते, म्हणून मागच्या आठवड्यात ती रेघच पुसट झाली. माझ्याकडे आली, "मावशी, निळा खडू आहे? दुसरा नको, कापडावरचाच पाहिजे."

मी मंडईजवळच्या शिंप्याकडे गेले. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "खडू संपलाय. मंगळवारी या."

मी रस्त्यात एकटीच हसत सुटले. घरी येऊन मोठ्या खुशीत तिला सांगितलं. ती हसली नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिली आणि बोट ठेवत ठेवत मोजायला लागली, आजोबा यायला अजून किती मंगळवार आहेत.

एकतीस निघाले. ती गेल्यावर मी पुन्हा मोजून बघितले, एखादा तरी कमी होतोय का म्हणून.