कोल्हिणीच्या गळ्यातला बिल्ला

मापाड्याला कागदाचा भारी राग. बंद पडलेल्या अणुभट्टीभोवतीच्या जंगलातली माती खणायची, डब्यांत भरायची आणि प्रयोगशाळेतल्या बाईंना नेऊन द्यायची, हे त्याचं बारा वर्षांचं काम. त्या मातीवरून बाई गणित मांडत, की इथल्या जनावरांना वर्षाला किती किरणं बाधत असतील.

“कागदी घोडे नुसते,” तो म्हणायचा. “कोल्ह्याला कुणी विचारलंय का?”

शेवटी कोल्ह्यांनाच विचारायचं ठरलं. सहा जणांच्या गळ्यात पट्टे बांधले. पट्ट्यात किरणं मोजणारा नखाएवढा बिल्ला आणि ठावठिकाणा सांगणारं यंत्र. तीन महिन्यांनी पिंजरे लावून बिल्ले बदलले. पाच जणांचा आकडा कागदाशी बराचसा जुळला. सहाव्या कोल्हिणीचा मात्र चौपट.

स्वारी खूश. “घ्या! तुमचा कागद पडला तोंडघशी.”

बाई हसल्या नाहीत. “गणित धरून चालतं की जनावर सगळीकडे सारखंच हिंडतं. पण झोपतं ते एकाच जागी. ही झोपते ती जागा फार वाईट आहे. तेवढी शोधा.”

भर दुपारी तो पट्ट्याचा इशारा टिपणारं यंत्र कानाला लावून निघाला. जंगलात टिकटिक अगदी बारीक होती, आणि गंमत म्हणजे जंगल मागे पडलं तशी ती वाढली. रस्ता ओलांडला, बेकरीच्या मागून वळला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. यंत्राचं डोकं फिरलंय म्हणून त्याने दोनदा ते थोपटलं. टिकटिक त्याला त्याच्याच दारात घेऊन आली.

तेव्हा त्याला नातीचं बोलणं आठवलं. मुलगा-सून परगावी कामाला, म्हणून तीन वर्षं ती त्याच्याकडेच होती, मागच्या खोलीत झोपायची. महिनाभर रोज सकाळी दूध पिताना सांगत होती, “आजोबा, माझ्या पलंगाखाली कुणीतरी श्वास घेतं.”

“मीच घोरतो गं,” असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं.

घरामागे जाऊन तो गुडघ्यांवर बसला. मागच्या खोलीच्या जमिनीखाली पोकळी होती. आत दोन डोळे चमकले. कोल्हीण हलली नाही, गुरगुरली नाही, नुसती बघत राहिली. ती ज्या मऊ मातीत निजली होती, ती माती त्याने ओळखली.

त्यानेच टाकली होती ती. तपासलेली माती जिथून खणली तिथे परत नेऊन टाकायची, असा नियम. पण दोन मैल तंगडतोड कोण करणार? पोकळीत ओल यायची, म्हणून तो डबे तिथेच रिकामे करायचा. एका डब्यात असून असून किती असणार? एका डब्याचा विचार त्याने केला होता, बारा वर्षांच्या डब्यांचा नाही.

संध्याकाळच्या आत नातीला शेजारणीकडे हलवलं. बाई आल्या, त्यांनी नवा बिल्ला पोरीच्या गळ्यात घातला.

“यावरून कळेल ना, किती बाधलं?” त्याने विचारलं.

“हा पुढचं सांगेल. मागचं नाही.”

“मग मागचं?”

बाईंनी वही उघडली. “मागचं कागदावरच. पलंगावर किती तास असायची?”

“रात्रीचे नऊ तास,” मापाडी म्हणाला. “आणि गोवर आला होता तेव्हा तीन आठवडे दिवसरात्र. मीच उठू देत नव्हतो तिला.”

बाईंनी तेही लिहून घेतलं.