ताकदीची तपासणी

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द नांदुऱ्यात कोणाच्या जिभेवर बसेना. म्हणून आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मीच त्या चाचणीचं नाव ठेवलं, ताकदीची तपासणी. शरीराची झीज थोपवणारी द्रव्यं रक्तात किती, ते ती सांगते. नाव लोकांना भारी आवडलं. तिथंच माती खाल्ली मी!

रोहिणखेडचे एक म्हातारे शिंपी, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, लेकीसोबत आले. अंगात त्राण नाही, पायांवर सूज. गुडघ्यांसाठी वर्षभर मनानंच दुखण्याच्या गोळ्या खात होते. लेकीनं हौसेनं ताकदीची तपासणी करायला लावली. आकडा आला भलताच मोठा.

“लय ताकद हाय म्हना की मले!” चाचा खूश. “मंग दवा कायले पाह्यजे? द्या कागद, जाऊन राह्यलो मी.”

मला काही ते पटेना. ज्याला जिना चढवत नाही, त्याची कसली बाप्पा ताकद? या मोजणीत युरिक ॲसिडही धरलं जातं, आणि किडनी थकली की ते रक्तात तुंबतं. आकडा फुगतो आणि माणूस खंगतो. डॉक्टरांना सांगायला गेले, तर ते उखडले.

“तुमी आकडा द्या मॅडम, बाकी मी पाहतो. काऊन लोकाइले भेव दाखवून राह्यल्या?”

मीही हट्टाला पेटले. कागद दिलाच नाही. “चाचा, अर्धा तास हलायचं नाही!” असा दम भरला आणि उरलेल्या रक्तावर युरिक ॲसिड आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन लावलं. दोन्ही चढलेले. तो कागद नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो दोनदा वाचला. दुखण्याच्या गोळ्यांनीच किडनी थकवली होती. त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या आणि चाचा भरती झाले.

हळूहळू क्रिएटिनिन उतरलं. आता आमच्याकडून ती तपासणी एकटी जात नाही, सोबत किडनीचे आकडे लागतातच. हा नियम माझा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. सांगायला लाज कसली!

चाचांना घरी सोडायचं, त्या दिवशी डॉक्टर शेवटचे आकडे पाहायला लॅबमध्ये आले, तेव्हा मागून आलेल्या लेकीनं भीत भीत विचारलं, “साहेब, अब्बाले डायलिसिस तं नाही ना लागनार?”

“नाही लागनार,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “पन दुवा मले नको देऊ बाई, ह्या मॅडमले दे.”

तिनं माझे हात धरले ते सोडेचना. आणि मी, एरवी सगळ्यांवर खेकसणारी, भर लॅबमध्ये ढसाढसा रडले.