कोऱ्या पानांचं पुस्तक

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज आमच्या शुभाने वाढदिवसाच्या पैशांतून पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर तिच्या लाडक्या गोष्टींमधली, चोर पकडणारी चार मुलं. उघडलं तर आत सगळी पानं कोरी!

"अगं, फसवलं तुला! चल, परत देऊ."

"आई, ही वही आहे. यात त्यांची पुढची गोष्ट मी लिहिणार."

"मग साधी वही काय वाईट होती?"

मी चपला घालेपर्यंत तिने पहिल्या पानावर 'श्री' लिहून वही माझ्यापुढे धरली. "आता दे परत!"

श्री लिहिलेली वही कशी परत करणार? शिकवण माझीच.

तेव्हापासून ती खिडकीत बसून लिहितेय. ती चौघं म्हणे आपल्या मुलुंडला आलीत. कशाला, ते काही सांगत नाही.

आपल्याकडे काय चोरीला गेलं असेल हो?