हाराच्या चौकटीतलं नाव

जिवंत बाईला मी एकदा मेलेल्यांच्या चौकटीत बसवलं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि तो तर बिचारा माझं सगळंच ऐकून घ्यायचा.

तेव्हा मलकापुरात माझं लग्नपत्रिकांचं दुकान नवंनवं होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी — चष्मा कपाळावर, पेन कानावर. गरज दोन्हींची नव्हती. पण लोक मॅडम म्हणायचे ना.

धामणगाव बढ्याला दिराच्या पोरीचं लग्न निघालं. पत्रिका मीच करणार, आणखी कोण? वर हार घातलेली चौकट, तिच्यात 'कै.' लिहून सासू-सासऱ्यांची नावं. खाली बरीच जागा सोडून 'यांच्या आशीर्वादाने' — वत्सलाअक्का. माझी थोरली नणंद, विधवा. आई वारलेल्या त्या पोरीला तिनंच वाढवलेलं.

मग दिरानं पाकिटं आणली, ती लहान. आता पत्रिका लहान करा. मी स्क्रीनवर तिचा कोपरा धरून आत ढकलला. अक्षरं फार बारीक झाली, म्हणून तेवढी परत वाढवली. आणि मधली मोकळी जागा? ती वेगळी सांभाळावी लागते, असं क्लासात सांगितलं होतं — तेव्हा मी मागच्या बाकावर शेंगा फोडत होते. जागा मिटली. आशीर्वादाची ओळ हाराच्या फुलांखाली दबली आणि अक्काचं नाव चौकटीत सरकलं. सासू-सासऱ्यांच्या पंगतीत.

पण ही झाली चूक. चुका काय, होतात. छापण्याआधी प्रूफ अक्काला दाखवून आणायचं ठरलं होतं — मी गेलेच नाही. स्वतःही पाहिलं नाही. मॅडमला कशाला पाहावं लागतं?

पत्रिका वाटल्या गेल्या. बाया डोळ्याला पदर लावून दारात आल्या, आणि दार उघडलं अक्कानंच. पोरीच्या होणाऱ्या सासूनं निरोप धाडला — मांडवाआधीच अपशकुन केला म्हणावं.

"वयनी, हे कसं झालं?" दिरानं सगळ्यांदेखत विचारलं.

आणि मी — किती सहज, सांगते तुम्हाला, जीभ अडखळलीसुद्धा नाही — म्हणाले, "प्रूफ अक्कांनीच पाहिलं. बरोबर आहे म्हणाल्या, म्हणून छापलं."

दीर तिच्यावर वळला. "दिसत नाही तुले, तं हाव काऊन म्हटलं?"

अक्का माझ्याकडे पाहत राहिली.

अपशकुन नको म्हणून लग्नात तिला पुढे येऊ दिलं नाही. पाठवणीला आईच्या जागी मला उभं केलं — मला, आणि मी नवं लुगडं नेसून उभी राहायला निघाले. जाता जाता धान्याच्या खोलीत डोकावले. अक्का पोत्यांजवळ बसली होती. मी म्हटलं, पोर तुम्हाला शोधते आहे. ती हळू आवाजात म्हणाली,

"प्रूफ तू मले दाखवलंच नव्हतं, सुमन. पण पाहुण्यांत तुले खोटं पाडून पोरीच्या घराचं हसू काऊन करू? जाय, तिच्यापाशी उभी राय. मी मेलेलीच बरी."