आवडत्या प्रसंगांत माझे बाबा

मंडळी, आज दुपारी नागभीडला आमच्या गावच्या विनोदी मंडळाचा हंगामातला शेवटचा प्रयोग होता. प्रेक्षकांनी निवडलेले आवडते प्रसंग पुन्हा होणार होते. शीला, माझी शाळेपासूनची मैत्रीण, त्यात काम करते. आजारी बाबांमुळे मला आधीचा एकही प्रयोग पाहता आला नव्हता.

पहिले दोन प्रसंग पाहून मी पोट धरून हसली.

तिसऱ्यात शीला म्हातारा होऊन आली. त्याची मुलगी ताट वाढते, तर म्हातारा हात जोडून म्हणतो, "बाई, तुमी कोनाच्या जी? माही पोरगी आली तर तिले सांगजा, मी जेवलो."

सगळे हसत सुटले. ते शब्द माझ्या बाबांचे होते. बाबा मला ओळखेनासे झाले, त्या दिवशी मी ते फक्त शीलाला रडत रडत सांगितले होते.

नंतर मी तिला विचारलं, "काऊन केलं व असं?"

"नाव कुठी घेतलं मी? लोकाईले तेच सगळ्यात जास्त आवडलं," ती म्हणाली.

हंगामभर ती दर रविवारी घरी येऊन बाबांजवळ बसायची. मला वाटायचं, मायेनं येते.

या रविवारी ती आली, तर माझ्या जागी तुम्ही दार उघडाल का?