निजामभाईंची सीडी लायब्ररी

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर निजामभाईंची सीडी लायब्ररी होती. तिथं सिनेमा गिऱ्हाईक निवडत नसे, निजामभाई निवडत. शाळेत असताना मी मारामारीचा सिनेमा मागितला की ते आधी गणिताचे मार्क विचारत आणि देवाधर्माचा हातात ठेवत.

बीटी कपाशी येऊन काही वर्षं झाली होती. एका साली पऱ्हाटीची बोंडं भरलीच नाहीत. निजामभाईंनी दुःखी सिनेमे उचलून माळ्यावर टाकले. "तसंही कोनी हासून नाई राह्यलं," म्हणाले.

एकदा सुनगावचे तुळशीराम आले. "निजामभाऊ, रडाचा सिनेमा द्या."

"काऊन?"

"पऱ्हाटी वाळली तवापासून घरात कोनी बोलूनच नाई राह्यलं. सिनेमाच्या नावानं तरी रडतीन."

निजामभाई माळ्यावर चढले.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम सीडी घेऊन परत आले. बायको रडली, म्हातारी रडली, मग बऱ्याच दिवसांनी सगळे बोलत बसले, असं त्यांनी सांगितलं. "आता हासाचा द्या."

तेव्हापासून निजामभाई गिऱ्हाइकाला विचारून सिनेमा देऊ लागले. मला सोडून.

पुढं मोबाइल आले आणि लायब्ररी गेली. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. यंदा दसऱ्याला मी आणि निजामभाईंची पुतणी फलक पुण्याहून आलो. वाटभर आम्ही 'ते दिवस' आठवून उसासे टाकत होतो.

"चाचा, एक सीडी भाड्यानं द्या ना. पहिल्यासारखी," फलक म्हणाली.

"लावसान कशात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही लॅपटॉपला सीडीची सोयच नव्हती.

"नुसती हातात धरू," मी म्हणालो.

निजामभाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "मंग तुळशीरामच्या वावरात जा. साऱ्या त्यालेच देल्या, ज्वारीत टांगाले."

आम्ही गेलो. कणसांवर दोऱ्या बांधून सीड्या लटकवल्या होत्या. नावं उन्हानं उडालेली. फलकनं एकीवरचं अर्धं नाव ओळखलं आणि आनंदानं ओरडली. मग फोटो, सेल्फी, आठवणी, सगळं मोठ्या आवाजात.

तुळशीराम मचाणावर रिकामा डबा घेऊन बसून पाहत होते. "पाखरं त्या चकत्यांले भेतच नाईत आता," ते म्हणाले. "तुमी आले अन् सारी उडाली. संध्याकाळपावतर थांबता काय?"

आम्ही थांबलो. फलकनं तर हौसेनं डबाही वाजवला.