आबांच्या जीपला डिस्क ब्रेक

पेडल परत खाली गेलं. मी जीपखालून ओरडलो, "आबा, पाय काढू नका म्हटलं ना."

"धरेल शे रे भाऊ," आबा वरून म्हणाले.

कसलं धरेल! चोपड्यात गॅरेज चालवता चालवता माझे केस पिकले, पण असा पंप मारणारा माणूस पाहिला नाही. पेडल खचलं की पाय आपोआप वर. जुन्या ब्रेकची सवय. तो चार वेळा दाबल्याशिवाय लागायचाच नाही.

ब्रेकच्या नळीत ऑइल असतं. ते दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. नळीत हवा राहिली की ती दबते आणि सगळा जोर तिथेच मुरतो. म्हणून एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल ढिलं करून हवा सोडायची, निपल आवळायचं, आणि मगच पाय काढायचा. याला आम्ही एअर काढणं म्हणतो. मी आवळायच्या आत आबांचा पाय वर यायचा आणि हवा परत आत. डोक्याला ताप नुसता.

पण हे काम नीट होणं भाग होतं. आबा सत्तरीचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बायाबापड्यांना बाजाराला आणायचे, आजारी माणसाला दवाखान्यात. वाटेत नाला. त्यात जुन्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरायचं आणि पुढच्या उतारावर गाडी ऐकायची नाही. एकदा शेताच्या बांधावर चढली. तेव्हापासून धुळ्याला देवपुरात मास्तर असलेला मुलगा मागे लागला होता, जीप विका म्हणून. शेवटी ठरलं, पुढच्या चाकांना डिस्कचा किट बसवायचा आणि रविवारी मुलगा शेजारी बसून बघणार. त्याला पटलं तर किल्ली आबांची. नाही तर गाडी विकायची.

संध्याकाळपर्यंत पेडल कडक झालं. मी ट्रायल मारली. गाडी जागच्या जागी उभी. आबांनी स्वतः तीन-चारदा थांबवून पाहिली आणि लहान पोरासारखे हसले. मलाही बरं वाटलं.

रविवारी दुपारी त्यांचा फोन. "भाऊ, ब्रेक लागना नही."

जॅक, पाने घेऊन त्यांच्या गावी गेलो. नाल्याच्या उतारावर जीप कडुलिंबाला टेकली होती. कुणाला लागलं नव्हतं, बंपर वाकलेला. मुलगा लांब उभा राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मी पेडल दाबलं. दगडासारखं कडक. ऑइल कुठे गळत नव्हतं. मला काही सुधरेना. मग चाक काढलं.

डिस्क शेंदरी होती. दोन्ही बाजूंनी. पॅड तेलाने चिंब.

डिस्कला पॅड घासतात म्हणून गाडी थांबते. तिथे तेल लागलं की संपलं, नुसतं घसरतं. डिस्क निदान पुसता येते, पॅड मात्र तेल पितात. ते फेकायचेच.

अक्का, म्हणजे आबांची बायको, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मीच लायं भाऊ. शेंदूर. तेलमा कालयीसन. नवी वस्तू शे ना."

आमच्याकडे विहिरीत नवी मोटर सोडतानाही शेंदूर लागतो. जुना ड्रम झाकलेला असतो, तिथे कुणाचं बोट पोचत नाही. ही डिस्क चाकाच्या भोकांतून चकचकीत दिसते. अक्कांनी दोन्ही चाकांना, पुढून मागून बोट घालून मनापासून लावला होता. गल्लीत गाडी हळू होती, कळलं नाही. उतारावर कळलं.

मी मुलाला हाक मारली. "मास्तर, इकडे या. ब्रेकमध्ये दोष नाही आणि आबांचाही नाही. हे बघा..."

आबांनी माझ्या हातातला पॅड काढून घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि डिस्कपुढे आडवे उभे राहिले.

"काय झालं?" मुलगा जवळ येत म्हणाला.

"काही नही," आबा म्हणाले. "मीच उशिरा दाबला. आते नजर पोचत नही."

अक्का काही बोलायला गेल्या. आबांनी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे.

"मी हेच सांगत होतो," मुलगा म्हणाला आणि हात पुढे केला. आबांनी किल्ली दिली. मी चाक बसवून नट आवळले.

नवे पॅड टाकून मीच ती जीप वरणगावच्या एकाला विकून दिली. ब्रेक उत्तम आहे, तो सांगतो. आता मी डिस्क बसवली की घरातल्या बाईला बोलावून सांगतो, पूजा बॉनेटची करा. आबा बाजाराला दुसऱ्याच्या रिक्षातून येतात. गॅरेजवर थांबत नाहीत. सदऱ्याच्या खिशाला शेंदरी डाग आहे, तो काही धुऊन निघालेला नाही.